गडग्यावरचं टपाल

मालवणच्या किनाऱ्याला लोक समुद्र बघायला जातात, किल्ला बघायला जातात, मासे खायला तर जातातच. मी एक जाकीट पोचवायला गेलो होतो. समुद्र दिसला, मासेही मिळाले, पण ते शेवटच्या दोन दिवसांत. आधीचे दोन दिवस कसे गेले हे कळल्याशिवाय त्या माशांची चव तुम्हाला कळणार नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहितो. मी फारसं बोलणारा माणूस नाही. लिहिणारा तर नाहीच.

पुण्यात माझं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. नातेवाईक मला बोहारी म्हणतात, गिऱ्हाइकं दुकानाला व्हिंटेज म्हणतात, धंदा एकच. आजीची नारायणपेठ, आजोबांचा लग्नातला कोट, सत्तर सालचे लांब कॉलरचे शर्ट असं काहीबाही लोक आणून देतात. मी धुतो, रफू करतो, इस्त्री करून टांगतो. जुना कपडा घेताना आधी काख बघायची, मग शिवण, मग कपड्याची गोष्ट ऐकायची. गोष्ट बहुतेक वेळा खोटी असते. काख कधीच नसते.

त्याआधी मी मुंबईत एका फॅशन डिझायनर बाईंकडे कटिंग मास्टर होतो. चित्र त्या काढायच्या, कात्री माझी.

दोन हजार नऊच्या श्रावणात एक बाई कपाट रिकामं करून दोन पिशव्या घेऊन दुकानात आल्या. दुसऱ्या पिशवीच्या तळाशी डाळिंबी रंगाचं एक आखूड जाकीट होतं. मी ते उलटं केलं आणि बाहीच्या जोडाची हातशिवण पाहिली. हातशिवण अक्षरासारखी असते, ज्याची त्याला ओळखू येते. ते अक्षर माझं होतं.

बाई गेल्यावर नंदा, माझी बायको, म्हणाली, "किती सुंदर आहे हो. खिडकीत लावूया."

"नको. ते लबाडीचं आहे."

"कुणाच्या लबाडीचं?"

"माझ्या."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी मी तिला जितकं सांगितलं तितकं एका बैठकीत कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "दसऱ्याला जा. दुकान मी बघते."

तिला सांगितलं ते असं. अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी मालवणच्या बाजूला जुन्या काठांचे नमुने शोधत फिरत होतो. खाडीपलीकडच्या एका मच्छीमार वाडीत, दोन माडांमध्ये बांधलेल्या दोरीवर एक नऊवारी लुगडं वाळत होतं. इरकली, गोमी काठाचं, पदर अंगाला एकेक धागा अडकवून जोडलेला. माझा जन्म इचलकरंजीचा, वडील मागावर बसायचे. असला जोड विणणारे हात आता राहिले नाहीत हे मला दोरीखाली उभ्या उभ्या कळलं. लुगडं जयवंती नावाच्या मासे विकणाऱ्या बाईंचं होतं, त्यांच्या आजेसासूकडून आलेलं. दर दसऱ्याला ते देवाच्या तरंगकाठीवर नेसवायला जायचं आणि चार दिवसांनी धुऊन परत घरी यायचं. काठ उतरवून घेतो आणि परत आणून देतो, असं मी म्हणालो. ना ओळख, ना पाळख. तरी त्या म्हणाल्या, "घेवन जावा मास्तर. फुडल्या दसऱ्याक तेवढा होया."

विणकरांकडून नमुना वेळेवर आला नाही. शो तीन आठवड्यांवर आला होता. डिझायनर बाईंनी सांगितलं म्हणून मी लुगडं कापलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. बाईंना ते लुगडं माहीतच नव्हतं. एका दुपारी मी एकटा होतो, ते टेबलावर पसरलं, आणि पाठीला पदर अन् पुढच्या दोन्ही कडांना काठ घेतला तर काय होईल ते मला दिसलं. मग मी कापलं. हात थरथरला वगैरे नाही. आयुष्यात त्याहून चांगलं काही मी कापलेलं नाही, आणि टोचतं ते हेच.

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा मी आंतरदेशीय पत्र लिहिलं. 'लुगडं साध्या पार्सलने महिन्यापूर्वी पाठवलं आहे. मिळालं का?' त्यातल्या 'मिळालं का'ची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. उत्तर आलं नाही. मी सुटलो असं समजलो.

कट्टा

कणकवलीहून मालवणकडे जाताना वाटेत कट्टा लागतं. तिथे उतरलो तेव्हा दसरा उद्यावर आला होता आणि बाजारात झेंडूच्या राशी पडल्या होत्या. भूक लागली होती. वर्षभर ज्याची आठवण काढायची ते ताट समोर येईल या आशेने मी खाणावळीत शिरलो आणि बांगड्याची चौकशी केली. गल्ल्यावरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं, "पावण्यानू, नवरात्र आसा. शिवराक."

शिवराक म्हणजे शाकाहारी. आमच्या देशावर नवरात्राचा उपास म्हणजे साबुदाणा आणि भगर. इथे मासे सोडणं हाच मोठा उपास, आणि तो माणसाच्या चेहऱ्यावर साबुदाण्यापेक्षा लवकर दिसतो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ काळ्या वाटाण्याच्या आमटीत आंबोळी बुडवून असे खात होते की जणू शिक्षा भोगतायत. मला मात्र ती आमटी फार आवडली. भाजलेल्या खोबऱ्याचा काळपट, दाट रस, आणि वाटाणा दाताखाली येईपर्यंत कडक. दोनदा मागून घेतली. "पुण्याक असा गावता काय?" गल्ल्यावरच्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

तिथून रिक्षाने खाडीपर्यंत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं व्हायला लागलं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तशी ताकीद आहे. का ते पुढे येईल.

खाडीपलीकडे

होडी होती, पण ओहोटी होती. पलीकडे होडी काठाला लागेना, तेव्हा पँट दुमडून चिखलात उतरलो आणि तिसऱ्या पावलाला उजवी चप्पल आत राहिली. ओढली तर पाय निघाला, चप्पल नाही. डोक्यावर पिशवी, पिशवीत जाकीट, आणि मी एका पायावर.

"ओढू नकात, ओढू नकात! ऱ्हवात थंयच!" काठावरून एक खाकी कपड्यातला माणूस ओरडला. सायकल माडाला टेकवून, विजार गुडघ्यावर सारून तो आला, कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि मासा काढावा तशी चप्पल काढली. "पुण्याचे मा तुमी?"

"कसं ओळखलंत?"

"मुंबयकार आधीच चप्पल हातात घेता. पुण्याचो उबो ऱ्हवान इचार करता."

साठीला टेकलेला, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस. नाव बाबल. गावचा पोस्टमन, "फुडल्या वर्सा रिटायर." मी कुणाकडे निघालो ते त्याने विचारलं. जयवंतीबाईंकडे म्हटल्यावर त्याचे हात चप्पल धुता धुता थांबले.

"ता बघा, दोन माडांच्या फाटल्यान कौलारू घर दिसता, ता. तुमी जावा. मी थंय जातंय ना."

"का हो?"

"माजी पायरी बंद आसा. तिचा टपाल इला तर गडग्यार ठेवतंय, वरती दगड. दहा वर्सां झाली." तो हसला, पण मघासारखा नाही. "एका पार्सलावरना. म्हणता, मी खाल्लंय. लुगडा होता म्हणे. मी लुगडा खावन काय करू वो? माजी बायल नेसता पाचवारी."

चप्पल माझ्या हातात देऊन तो सायकलवर बसला. मी तिथेच उभा राहिलो. या दहा वर्षांत मी एका लुगड्याचं आणि एका बाईंचं ओझं वाहत होतो. माझ्या पत्रात एक तिसरा माणूस आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पार्सल पाठवलं आणि पोचलं नाही म्हटलं की मधे एक पोस्टमन असतोच.

गडगा म्हणजे आवाराभोवती रचलेली चिऱ्याची बुटकी भिंत. जयवंतीताईंच्या गडग्यावर एका जागी नारळाएवढा गुळगुळीत दगड ठेवलेला होता. मी त्याला हात न लावता आत गेलो.

ताई खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, जाळ्याची दोरी सोडवत बसल्या होत्या. केस पिकले होते, आवाज तोच होता. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, मुलगा गोव्याला ट्रॉलरवर. त्यांनी मला क्षणभर निरखलं.

"मास्तर मा? लुगड्यावाले?"

"हो."

"येवा, बसा. जाड झाल्यात." पाण्याचा तांब्या पुढे आला. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमका किती वायट वाटला आसतला! तुमी बिचाऱ्यांनी पाठवलास आनी हय त्या मेल्यान गिळल्यान. माका लाज वाटली वो उत्तर धाडूक. आमच्या गावचो माणूस चोर, ह्या पुण्यामुंबयक कसा कळवू?"

म्हणून उत्तर आलं नव्हतं.

"आणि गंमत बघा," ताई म्हणाल्या, "माका वाचूक येना नाय. तुमची चिट्टी तेनाच वाचून दाखवल्यान. हयच, ह्या खळ्यात. 'पार्सल पाठवलं आहे, मिळालं का?' वाचता वाचता तोंड असा झाला." त्यांनी बाबलचं तोंड करून दाखवलं. "मी तेवाच वळाखलंय."

निरपराध माणसाचं तोंड कसं होतं ते मी त्यांच्या नकलेत पाहिलं. पिशवी मांडीवर होती. चेन उघडायला दोन बोटं पुरली असती. मी त्या बोटांनी ताईंनी पुढे केलेला घावन मोडला, गुळाच्या रसात बुडवला आणि खाल्ला. घावन जाळीदार, इतका पातळ की पलीकडचं दिसावं. त्याची चव मला आठवत नाही. त्यांच्या पडवीत पथारी पसरली तेव्हा पिशवी उशाशीच होती.

दसरा

आता तरंगाबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुरुषभर उंचीपेक्षा मोठी लाकडी काठी डोळ्यांसमोर आणावी. वर देवाचा धातूचा मुखवटा आणि त्याखाली एकावर एक नेसवलेली लुगडी, मिऱ्या, म्हणजे निऱ्या, घालून, घोळ सोडून. आमच्याकडे जोतिबाची सासनकाठी असते, पण ती नाचते ती उंचीने. तरंग चालतो तेव्हा घोळ चालतो. जत्रेतली मोठी बाई गर्दीतून वाट काढत येते तसा. या गावात ठरलेल्या घरांनी एकेक लुगडं द्यायचं, आणि सगळ्यात आतलं, ज्यावर बाकीची बसतात ते, जयवंतीताईंच्या घरचं.

सकाळी देवळात गेलो तेव्हा नेसवणं सुरू झालं होतं. नेसवण्याचा मान ज्या घराचा, त्या घरातला माणूस बाबल होता. खाकी उतरवून तो सोवळ्यात होता. वीस वर्षं मी रॅम्पवर जाणाऱ्या मुलींच्या अंगावर टाचण्या लावल्या आहेत. या माणसाजवळ एकही टाचणी नव्हती. सुतळीचा एक वेढा, त्यात खोचलेल्या मिऱ्या, आणि प्रत्येक मिरी आधीच्या मिरीवर बोटभर चढलेली. बघत राहावं असं काम. पण सगळ्यात आतलं लुगडं बसत नव्हतं. चकचकीत, अर्धं नायलॉनचं, बाजारातलं. बाबल मिऱ्या घालायचा आणि त्या पाण्यासारख्या ओघळायच्या.

"निसरता मेला," तो पुटपुटला. मी कोण ते रात्रीत वाडीभर झालं होतं. मला पाहून म्हणाला, "मास्तर, कापडातला कळता मा तुमका? हयसर धरा जरा."

मी दोन्ही हातांनी मिऱ्या धरल्या. त्याच्याही दोन्ही हातांत मिऱ्या होत्या. काठीच्या दोन बाजूंना आम्ही दोघे, मधे देव. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बाबलभाऊ, ते पार्सल मी पाठवलंच नव्हतं."

तो वेढा आवळत होता. तो आवळतच राहिला.

"लुगडं मी कापलं. जाकीट केलं. ते पिशवीत आहे. तुम्ही वाचलेली ती चिठ्ठी खोटी होती."

त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. हात रिकामे असते तर त्याने काय केलं असतं मला माहीत नाही. ते रिकामे नव्हते. त्याने एक मिरी घातली, दुसरी घातली.

"माज्या चेडवाच्या लग्नाक ती इली नाय," तो म्हणाला. "एका आवाठातली आमी. ल्हानपणापासून एका पाणंदीत खेळललो."

"मी तुमची माफी—"

"माज्या कानात सांगून माका काय फायदो? माका ठावकच होता मी खावक नाय ता." त्याने गाठ मारली. "आता गाऱ्हाणा घालतले. सगळे येतले. थंय सांगा. सोडा मिरये, बसले."

खरंच बसल्या होत्या.

गाऱ्हाणं ही इथली खास गोष्ट. आम्ही देशावर देवाला हात जोडतो आणि मागणं मनात मागतो. इथे गुरव ते मोठ्याने, सगळ्यांच्या समोर, देवाशी भांडल्यासारखं मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं. मी गुरवाजवळ जाऊन म्हटलं, माझ्याकडून या गावाचा अपराध झालाय, गाऱ्हाणं घाला. कसला ते त्याने विचारलं नाही. अशी माणसं त्याच्याकडे रोज येत असावीत. जयवंतीताई बायकांच्या रांगेत पुढे होत्या. त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुजा लेकरू पुण्यासून तुज्या पायाकडे इला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्याकडसून कळत नकळत जी काय चूक झाली आसात, ती—"

"नकळत नाही," मी म्हणालो.

गुरव थांबला. गाऱ्हाण्याच्या मधे कुणी बोलत नाही. मागे कुणीतरी "गप रे" म्हणालं.

"कळत झाली. मला सगळं कळत होतं." माझा आवाज देवळात मोठा लागला. मग मी पिशवीतून जाकीट काढलं, दोन्ही खांद्यांना धरून उलगडलं आणि सांगितलं. जयवंतीताईंचं लुगडं मी कापलं. पार्सल कधी पाठवलंच नाही. पाठवलं असं खोटं लिहिलं, आणि ते खोटं ज्याला वाचायला लागलं त्याच्याच डोक्यावर बसलं. बाबलभाऊंनी काही घेतलेलं नाही. एवढंच बोललो. नंदा असती तर म्हणाली असती, रिहर्सल केल्यासारखं बोललात. केलीच होती, रात्रभर.

बाहेर ढोलवाला काठ्या घेऊन थांबला होता. गुरव म्हातारा होता आणि त्याला आपलं काम पुरं करायचं होतं. त्याने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराकडसून कळान सवरान चूक झाली, म्हाराजा!"

कुणी काही म्हणेना. गाऱ्हाण्याला 'व्हय' मिळालं नाही असं मी कधी ऐकलं नव्हतं. तिथल्या लोकांनीही नसावं. गुरवाने वाट पाहिली. मग तरंगाजवळून एकच आवाज आला, "व्हय म्हाराजा." तो बाबलचा होता. त्याच्यामागून बाकीचे आले, विस्कळीत, जेवणाला उशिरा बसणाऱ्या पंगतीसारखे.

"आनी ज्या माणसार नको तो आळ इलो, तेची मान वर कर म्हाराजा!"

या वेळी 'व्हय' देवळाच्या कौलांपर्यंत गेलं. फक्त जयवंतीताईंचे ओठ हलले नाहीत.

तरंग निघाला. आपट्याची पानं वाटली गेली, 'सोनं घ्या' झालं. मला कुणी सोनं दिलं, कुणी दिलं नाही. दोन्ही बरोबर होतं. दुपारी देवळाच्या पायरीवर ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला. मी जाकीट दिलं. त्यांनी पदराचा तो जोड बोटाने चाचपला, वास घेतला, मग उलटं करून शिवण बघितली, अगदी मी दुकानात बघतो तशी.

"शिवणकाम बरा आसा," त्या म्हणाल्या. आणि मग, "मेल्या."

आतापर्यंत मी 'तुमी' होतो.

"ताई, तुम्ही म्हणाल ते—"

"फाडललां वस्त्र देवाक चलना नाय. ता गेला ता गेला. तेचा माका आता काय वाटना नाय, जुनाच झालला. पण मी तेका चोर म्हटलंय रे. दर बाजारात, दर लग्नात. म्हटललां माघारी कसा घेव?" त्यांनी जाकीट माझ्या छातीवर आपटलं. "असा हातात माका नको ह्या. पार्सल पाठवलंय म्हणान लिवलस मा? मगे पाठव."

"म्हणजे?"

"पोस्टात घाल. तेना आणून देवक होया."

दोन दिवस

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं. पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा घेऊन मी पोस्टाच्या ओट्यावर बसून जाकिटाला खोळ शिवली. मुंबईत मोठमोठ्या बायकांचे कपडे शिवले, पण इतके बघे कधी जमले नव्हते. "बारीक घाल रे टाको," एका म्हातारीने सल्ला दिला, "नायतर वाटेत उसवात आनी परत बाबलचा नाव येयत." सगळे हसले, पोस्टाच्या खिडकीतला माणूसही. वर ताईंचं नाव, खाली माझं, जोडावर लाखेचा शिक्का. बाबल पार्सल हातात तोलत म्हणाला, "नियमान मालवणाक जातला. थंयसून फिरान येतला. दोन दिस."

"समोर तर घर दिसतंय."

"नियम म्हणजे नियम. माज्यावर आधीच एक आळ आसा."

ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दहा वर्सां थांबलंय. दोन दिस काय."

म्हणून मला ते दोन दिवस मिळाले, माझ्या आयुष्यातले सगळ्यात बिनकामाचे आणि सगळ्यात हलके. नवरात्र संपलं होतं. सकाळी रापण ओढायला मीही दोरीला लागलो. अर्धा गाव मागे सरकत जाळं किनाऱ्याला खेचतो; दहा मिनिटांत माझे तळवे सोलले. जाळ्यात तारली फडफडत होती, उन्हात चमकणारी, एकाही डिझायनरला न जमलेली चंदेरी. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं लालभडक तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. ताई माझ्याशी मोजकंच बोलत, पण ताटात वाढताना हात आखडत नव्हत्या. "खा. पुण्याक जावन सांगशीत, उपाशी ठेवल्यान."

एकदा किल्ला बघून येतो म्हटलं, तर म्हणाल्या, "जा की. किल्लो खंय पळता?" मग गेलोच नाही. माडाखाली बसून ताईंच्या जुन्या साड्यांची वाकळ उसवली होती ती शिवून दिली. गोधडीला इथे वाकळ म्हणतात. सगळ्यात आतल्या थरात साठ वर्षांपूर्वीचं चीट निघालं. दुकानदार म्हणून हात शिवशिवले. मी मुकाट्याने वरचा थर बसवला आणि टाके घातले.

पार्सल

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. ताई पायरीवर आडाळ्यावर बसून मासे साफ करत होत्या. आडाळा म्हणजे विळी. पाणंदीत सायकलची घंटा वाजली.

बाबल गडग्यापाशी उतरला. खाकी इस्त्रीची होती. त्याने पिशवीतून पांढरं पार्सल काढलं, आणि सवयीने त्याचा हात त्या गुळगुळीत दगडाकडे गेला. दगड उचलला. मग तसाच उभा राहिला, एका हातात दगड, एका हातात पार्सल.

ताई मान वर न करता ओरडल्या, "गडग्यार कित्याक ठेवतस? पाय मोडले काय तुजे?"

बाबलने दगड खाली ठेवला, भिंतीच्या बाहेर, आणि बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आला. खळ्यात येऊन घसा साफ केला आणि अगदी ऑफिसातल्या मराठीत म्हणाला, "जयवंतीबाई, आपलं पार्सल आहे. सही करा."

"सही येता माका? अंगठो घे."

"हाताक मासे आसत तुज्या."

"मगे माशाचो अंगठो घे. वळखतले सगळे, माजोच म्हणान."

ताईंनी लुगड्याला हात पुसला, त्याने शाईची डबी धरली, अंगठा उमटला. अंगठा कागदावर असताना ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "माका चुकला रे बाबल." बाबल म्हणाला, "शाई सुकांदे, हालू नको."

टाके त्यांनी आडाळ्यावरच फाडले. जाकीट घालून बघितलं. ते माझ्या काळच्या एका काडीसारख्या मुलीच्या मापाचं. ताईंच्या कोपराच्या वर चढेना. त्या दोन्ही हात पंखांसारखे धरून उभ्या राहिल्या आणि बाबल इतका हसला की टोपी पडली. "मालवणाक जा अशीच बाजारात," तो म्हणाला, "सुरमई आधी खपात." त्या जाकिटाचं पुढे काय करणार ते मी विचारलं नाही. गावाचं नाव लिहू नको हे तेव्हाच बजावलं, "नायतर लोक जाकिटा बघूक येतले आनी मासे घेवचे नाय."

आतून चहाचे दोन कप आले. मी तिसऱ्याची वाट पाहत होतो.

"तू बसान काय ऱ्हवलस?" ताई मला म्हणाल्या. "भरती इली. होडी चुकात तुजी. जा आता. आमका दहा वर्सांचा बोलूचा आसा."

मी पाया पडलो. डोक्यावर माशाच्या वासाचा हात पडला आणि लगेच उचलला गेला. खाडीत पाणी चढलं होतं, त्यामुळे चप्पल पायातच राहिली. होडी अर्ध्यावर आली तरी पलीकडून दोघांचे आवाज येत होते. दोघे कशावरून तरी भांडत होते. बहुधा बाबलच्या मुलीच्या लग्नात जेवण काय होतं, त्यावरून.